दिल्ली–मुंबई साडेचार तास

सत्तेचाळीसच्या जानेवारीत आबांच्या पोटात आतडं अडकलं. तासगावचे डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत मिरजेला न्या. कापावं लागेल. कागदावर घरातल्या कुणीही सही केली तरी चालेल."

मी सांगलीहून आलेच होते. शेजारच्या नानासोंनी गाडीत गवत अंथरलं. आबा मात्र उठेनात.

"मानसिंग सही करंल. मग जाऊ."

मानसिंग, माझा धाकटा भाऊ, दिल्लीला लष्करी कचेरीत होता. तार केली होतीच. दिवाळीच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, आता विमानाने दिल्ली ते मुंबई साडेचार तास.

"किती लांब हाय गं, शालू?"

मी शाळेत भूगोल शिकवत होते. पिशवीतलं नकाशांचं पुस्तक काढलं, दोरा लावून मोजलं. सातशे मैल. साडेचार तास बरोबर होते. मुंबईहून मिरजेपर्यंतची रेल्वेची रात्र, पुढचा रस्ता, रजेचा अर्ज, हे सगळं मला ठाऊक होतं. पण आबा कण्हायचे थांबले होते. मी पुढचं बोलले नाही.

"आन् मिरज?"

"बैलगाडीनं नऊ तास."

"मग दिल्लीच जवळ की," आबा म्हणाले. नानासो हसले. मीही हसले.

सकाळी ते पांढरे पडले होते. मी म्हटलं, "आबा, मी सही करते. चला."

"दिलेल्या लेकीची सही चालत न्हाई. लोक काय म्हणतील, ल्योक नव्हता?"

"तो आज पोचणार नाही. मुंबईपासून पुढं एक रात्र लागते."

"काल तर साडेचार तास म्हणालीस." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "शिकलेली तू. मला फशिवतीस व्हय?"

दुपारपर्यंत नानासोंची गाडी जुंपलेली होती. मग त्यांनी बैल सोडले. तिसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. अग्नी चुलतभावाने दिला.

मानसिंग सहाव्या दिवशी आला. रजा मंजूर व्हायला वेळ लागला. सुतकाला आलेली माणसं ओसरीवर बसली होती. थोड्या वेळाने कुणीतरी विमानाचं विचारलं.

"साडेचारसुद्धा नाही," तो म्हणाला. "चार तास वीस मिनिटं. वारा पाठीमागून होता."

"लय झालं की," नानासो म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

मी नकाशांचं पुस्तक पिशवीत घालत होते. दोरा अजून पानातच होता. त्या पानावर तासगाव नव्हतं, मिरजेचा ठिपका होता. दोन्हींमधलं अंतर दोऱ्याच्या जाडीपेक्षा जास्त भरलं नसतं.

माणसं गेल्यावर मानसिंग आत आला. डोळे लाल होते, रडला होता.

"ताई, तू एवढी शिकलेली. तूच का नाही सही केलीस?"

"मी दिलेली लेक," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं.