आजोबांच्या मुठीतली जमीन

आमचं बनाबा बेट मेंढ्यांनी खाल्लं. मी रागाने म्हणत नाही, झालंच तसं. बेटाचा दगड म्हणजे उत्तम खत, हे गोऱ्यांना कळलं आणि त्यांनी नऊशे नव्याण्णव वर्षांचा करार केला. बेट ऐंशी वर्षांतच संपलं. उरलेली वर्षं आमच्याकडे जमा आहेत. दगड दळून न्यूझीलंडच्या कुरणांवर पसरला, गवत तरारलं, मेंढ्या गुबगुबीत झाल्या. आम्हाला महायुद्ध संपल्यावर जहाजात घालून फिजीच्या राम्बी बेटावर उतरवलं. पक्की घरं तयार आहेत, असं सांगितलं होतं. उतरल्यावर तंबू दिसले, आणि वादळाचा मोसम.

माझे आजोबा बुरेनतौ तेव्हा पोरसवदा होते. पुढे चाळिशी उलटल्यावर खाण बंद पाडायला चार मित्रांबरोबर ते बनाबाला गेले. खाण त्याच वर्षी बंद पडली. यांच्यामुळे नव्हे, माल संपला म्हणून. आजोबा परत आले ते बिस्किटांच्या डब्यात तिथली माती भरून.

तेव्हापासून आमच्या गावात कुणी गेलं की आजोबा डबा घेऊन हजर. मेलेल्याच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवायची आणि मूठ मिटायची. ते म्हणायचे, "पलीकडे पूर्वज विचारतात, कुठला रे तू? तोंडाने सांगून भागत नाही, तोंडाने कुणीही सांगेल. मूठ उघडून दाखवायची."

आजी गेली तेव्हा डब्यात थोडीच माती उरली होती. आजोबांनी डबा तिच्या हातावर उपडा केला.

"अहो, स्वतःला तरी ठेवा!" आई ओरडली.

"तिचा हात मोठा होता," आजोबा म्हणाले.

आता त्यांचीच पाळी आली होती. अंथरुणात पडून ते रिकामा डबा उघडायचे, वास घ्यायचे, झाकण लावायचे. मागितलं काही नाही. बनाबाला जहाज कधीतरीच जातं, आणि आजोबांकडे तेवढे दिवस नव्हते. मी म्हटलं, "आजोबा, मी माती आणतो."

"कुठून, माकडा?"

"ज्यांनी नेली त्यांच्याकडून."

बोटीने आणि मग बसने मी शेजारच्या मोठ्या बेटावर, सावुसावुच्या बाजारात गेलो. तिथे देवनारायणकाकांच्या दुकानात मटणापासून खतापर्यंत सगळं मिळतं.

"जमीन किती आहे?" काकांनी विचारलं.

"एका आजोबापुरती."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी सगळं सांगितलं. काकांनी चष्मा लावून पोत्यावरचं बारीक छापलेलं वाचलं आणि ओशाळून म्हणाले, "बेटा, हे मोरोक्कोचं आहे. तुमचं कधीच संपलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. मोरोक्कोच्या मातीतही कुणाची तरी आजी असेल, तिला हातात घेऊन आजोबा पूर्वजांसमोर कसे उभे राहणार?

समोर काकांचा मटणाचा बर्फाचा पेटारा होता. त्यावर चिकटवलेल्या चित्रात हिरवंगार कुरण आणि एक समाधानी मेंढी. मी बराच वेळ मेंढीकडे पाहिलं. मेंढीने नजर चुकवली नाही.

"काका, हे मटण न्यूझीलंडचं?"

"अगदी अस्सल."

मानेचे तुकडे घेऊन निघालो. बोटीत बर्फ वितळला. आमची मातृभूमी माझ्या चपलेवर ठिबकत होती.

आईने पिशवी उघडली. "माती आणायला गेलास ना रे, मेल्या?"

"हीच आहे. मध्ये गवत झालं होतं."

आई हसली नाही. तिने नीरफणस घालून रस्सा केला आणि वाटी अंथरुणापाशी नेली. आजोबांनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चरबी फार. माझ्या बापाच्या जमिनीवर कुणी कधी इतकं लठ्ठ झालं नव्हतं." मग ते हसायला लागले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबला तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यांनी मानेचं एक हाड चोखून स्वच्छ केलं आणि उशीखाली ठेवलं.

"चालेल ना, आजोबा?"

"नाही चाललं तर तुझं नाव सांगेन."

रविवारी प्रार्थनेची घंटा होत असताना ते गेले. मीच त्यांच्या हातात हाड ठेवलं आणि मूठ मिटली. पाद्रीबाबांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे काय रे?"

"जमीन आहे त्यांची," आई म्हणाली.

पाद्रीबाबांचा आजाही बनाबाचा. त्यांनी पुढे विचारलं नाही. 'मातीला माती' म्हणताना मात्र ते अडखळले.

दुसऱ्या दिवसापासून एक पिवळा कुत्रा थडग्यापाशी येऊन बसायला लागला. गाव हळहळलं. बायका म्हणाल्या, बघा, मुक्या जनावराला किती माया! आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

तो पंजाने माती उकरून पाहतो, मी हाकलतो, तो दोन पावलं मागे जाऊन बसतो. मी थडग्यावर किनाऱ्यावरचे दगड रचलेत, तरी मी रोज माडी काढून झाली की इथे राखणीला येऊन बसतो. आजोबांची जमीन एकदा खणून नेली, तेव्हा राखायला माझ्या घरचं कुणी हजर नव्हतं.

कुत्रा माझ्याकडे बघतोय. बघू दे.