बंद पुड्याचा भाव

"आलूस, पुडा सोड."

हरिभाऊंनी हे तागडीवरची नजर न हलवता म्हटलं. आवाजात राग नव्हता. आगाशीच्या त्यांच्या दुकानात त्या सकाळी नंदाखाल गावची चार-पाच माणसं सुकेळी घेऊन आली होती, आणि बाकी सगळ्यांचे पुडे बांधलेले तसेच तागडीत चढले होते. आलोशियस, ज्याला गावात सगळे आलूस म्हणत, खाली बसला. त्याने केळीच्या सोपाची दोरी सोडली, केळीची वाळकी पानं बाजूला केली. हरिभाऊंनी मधल्या थरात बोट घातलं, एक सुकेळं मोडून पाहिलं, हुंगलं.

"चांगली आहेत."

"हां, भाऊ."

"पण सुटा भाव देईन. पुडा सुटला ना आता."

"सोडायला लावणारे तुम्हीच, आणि सुटला म्हणणारेही तुम्हीच!" मागून थॉमस म्हणाला. थॉमस आलूसचा शेजारी. सगळे हसले. आलूसही हसला. न हसून चाललं नसतं.

तिथली रीतच तशी होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर सात-आठ उन्हं दिली की त्यांची सुकेळी होतात. पुड्यात बांधली की त्यांचा मऊपणा टिकतो. पुडा सोडला की वारा लागून ती कडक पडतात. मग तो माल मुंबईला जात नाही, गावातच सुटा विकावा लागतो. म्हणून ज्या घराचा भरवसा, त्या घरचा पुडा न सोडता घ्यायचा. आणि ज्याचा पुडा बंद घेतला जाई, त्यालाच पावसाळ्याआधी हरिभाऊ उचल देत. त्या उचलीवर माणसं वर्षासाठी केळीची वाडी मक्त्याने घेत.

एके काळी देवळामागची वाडी आलूसच्या मक्त्याची होती. महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ऐन हंगामात आभाळ आलं. घरात लेकीचं लग्न होतं. आलूसने सुकलेली सुकेळी बाहेरून लावली, अर्धी ओली आत घातली आणि पुडे बांधले. मुंबईच्या व्यापाऱ्याने ते सोडले तेव्हा आतून बुरशी निघाली. त्याने हरिभाऊंची सगळी खेप परत पाठवली, त्यात दुसऱ्यांचा चांगला मालही होता. हरिभाऊ त्या दिवशी एवढंच बोलले, "तुझी पत गेली त्याचं सोड. माझी पण गेली रे."

तेव्हापासून उचल बंद झाली. वाडी दुसऱ्याकडे गेली आणि आलूस त्याच वाडीत रोजावर पाणी धरायला जाऊ लागला. परसातली थोडी केळी तेवढी उरली. त्यांची सुकेळी तो दर हंगामात करी, आगाशीला नेई, सगळ्यांदेखत पुडा सोडी, पडता भाव घेई आणि घरी येई.

"निर्मळच्या दुकानात जा ना," बायको आग्नेस म्हणायची. "तिथं कोन वळखतंय तुला?"

"आग्नेस, त्या मालाचा वास निर्मळपर्यंत गेलाय."

"मग कितीक वर्सं सोडनार पुडे?"

आपला पुडा पुन्हा बंद घेतला जावा, देवळामागची वाडी पुन्हा आपल्या हाताखाली यावी, एवढं एकच त्याच्या मनात असे. ते तो कुणाला सांगत नसे. कदाचित आग्नेसलाही नाही.

मग एका वर्षी नाताळाच्या तोंडावर पुन्हा आभाळ आलं. पाऊस नाही, ऊनही नाही. मांडवावरच्या केळ्यांना हात लावला की बोटाला चिकटत होतं. मुंबईहून नाताळाची मागणी आलेली, आणि हरिभाऊंनी गावात निरोप फिरवला होता की शनिवारी माल पाहिजे.

"थॉमसने बांधले पुडे," आग्नेस कुंपणावरून बघून आली. "मी या डोळ्यांनी बघितलं."

"ओले असतील."

"त्याचे कोन सोडून बघतंय? आनि तुझे तर सोडनारच हायेत. मग तुला भीती कसली? ओला हाय म्हनून सांग आनि देऊन टाक. चार पैशे तरी येतील."

आलूसने मांडवावरचं एक केळं उचललं, मधोमध दाबलं. आतून रस आला. त्याने सगळा माल टोपलीत भरला आणि परसातल्या डुकरांपुढे नेऊन ओतला.

"घ्या," आग्नेस कपाळाला हात लावून म्हणाली, "यांचा नाताळ आधी झाला!"

शनिवारी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला, टोपी घेतली आणि निघाला.

"कुठं? माल तर डुकरांच्या पोटात हाय."

"आगाशीला. माल नाय म्हनून सांगायला."

"नाय तर नाय! ते सांगायला एवढं चालत कोन जातं?"

आलूस दारात थांबला. "त्या वर्सी हेच सांगायला जायचं होतं मला," तो म्हणाला आणि गेला.

दुकानात गर्दी होती. पुडे रचून ठेवले होते, हरिभाऊ घाईत होते. आलूसचे रिकामे हात बघून ते म्हणाले, "माल कुठाय?"

"नाय भाऊ. ढगाने धरला. आतून ओला ऱ्हायला. बांधला असता तर मुंबईला जाईस्तोवर बुरशी आली असती."

हरिभाऊंनी आलूसकडे पाहिलं, मग रचलेल्या पुड्यांकडे, मग थॉमसकडे.

"माझ्याकडे काय बघता?" थॉमस म्हणाला.

"थॉमस, तुझा मांडव आणि याचा मांडव, यांच्यामधे काय आहे?"

"कुंपन हाय."

"मग ऊन कुंपणाच्या तुझ्याच बाजूला पडलं म्हणायचं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. हरिभाऊंनी कुणालाही पुडा सोडायला सांगितलं नाही. ते नुसते तागडीला हात लावून उभे राहिले. थॉमसने मान खाजवली, इकडेतिकडे पाहिलं आणि आपले पुडे उचलून डोक्यावर घेतले. "अजून दोन उन्हं देतो मी यांना. तसे सुकलेलेच हायेत. पन देतो." त्याच्यामागून आणखी दोघांनी आपापलं ओझं गुपचूप उचललं.

दुकान निम्मं रिकामं झालं. हरिभाऊ आलूसवरच उखडले. "एक जिन्नस न आणता आलास आणि माझी नाताळाची खेप बुडवलीस! आता मुंबईला काय कळवू मी?"

"चुकलं, भाऊ."

"जा आता."

आलूस घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. होतं नव्हतं तेही आपण घालवून आलो, असंच त्याला वाटत होतं. आग्नेसने भाकरी वाढली.

मग ऊन पडलं. नव्या वर्षाची उन्हं चांगली कडक होती. नवा माल मांडवावर चढला, सोनेरी झाला, मग मधासारखा तांबूस. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी आलूसच्या दारात टांगा थांबला आणि कोट-टोपी घातलेले हरिभाऊ उतरले. इतक्या वर्षांत ते या अंगणात कधी आले नव्हते. कुंपणापलीकडे थॉमसचं काम थांबलं.

"आमच्या लेकीच्या, प्रेमलताच्या सासरी चाललोय, दादरला," हरिभाऊ म्हणाले. "लग्नानंतरची पहिली संक्रांत. एक पुडा दे."

आलूसने आतून पुडा आणला आणि सवयीने खाली बसला. बोटं गाठीवर गेली.

"अरे, अरे! सोडतोस काय? व्याह्यांसमोर सोडायचाय तो."

आलूसचे हात तिथेच राहिले. आग्नेस दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला राहवलं नाही.

"भाऊ, विरार टेसनाची वाट सोडून इकडं आलात. थॉमसचे पुडे तुमच्या दुकानातच असतील की."

"आहेत ना. माल सगळेच आणतात, बाई. माल नाही हे सांगायला एवढा चालत एकच जण आला."

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. आलूस घाईने उठला. "पैशे नको भाऊ. लेकीला माझ्याकडनं."

"लेकीला द्यायचं ते वेगळं दे. हा बंद पुड्याचा भाव आहे, धर." त्यांनी नोटा आलूसच्या तळव्यावर दाबल्या. "देवळामागच्या वाडीचा मक्ता मे महिन्यात सुटतो ना? मग एप्रिलात येऊन उचल घेऊन जा. उशीर करू नकोस, तो थॉमसही टपलाय."

"ऐकलं मी!" कुंपणापलीकडून आवाज आला.

"ऐकावं म्हणूनच बोललो!"

आग्नेस पदर तोंडाला लावून हसत सुटली. आलूसने टोपी काढून हातात घेतली होती, ती तशीच राहिली.

हरिभाऊ टांग्यात चढले. ट्रंक त्यांनी पायाशी सरकवली, छत्री टांगेवाल्याकडे दिली. पुडा घ्यायला टांगेवाल्याने हात पुढे केला, पण तो त्यांनी दिला नाही. बाप्तिस्म्याहून घरी आणताना मूल धरावं तसा दोन्ही हातांनी मांडीवर धरला. वाट खडबडीत होती. टांगा हलला की हरिभाऊ हलत, पण पुडा हलू देत नव्हते.