घोडे आधी, गाड्या मागून

ज्याच्या सुपीक डोक्यातून ही ब्रिगेड निघाली, त्याने आयुष्यात एकदा तरी घोड्याला दाणा घातला होता का, देव जाणे. एक रेजिमेंट घोडेस्वारांची, दुसरी चिलखती गाड्यांची, आणि दोघींच्या डोक्यावर मिळून एक जनरल. १९४० सालच्या फेब्रुवारीच्या बर्फात ही सोयरीक जमवली. गाडी धावणार, घोडा चालणार, आणि दोघांनी सकाळी एकाच गावात हजर व्हायचं! मग तोडगा काय निघाला, तर घोडेस्वारांनी आदल्या संध्याकाळीच निघायचं आणि गाड्यांनी पहाटे. गाड्या रोज घोड्यांना थेट मुक्कामाच्या वेशीवर गाठत, आणि शेवटची गाडी आली म्हणजे सगळी ब्रिगेड आली, असा हिशेब बसला.

अन्सेल्म त्या गाड्यांकडे सार्जंट होता. त्याचा धाकटा भाऊ तेओ घोड्यांकडे. दोघे एकाच ब्रिगेडमध्ये आले ते आईच्या कृपेने. तिने मेयरच्या घरी डुकराची खारवलेली अख्खी मांडी नेऊन टेबलावर आपटली होती आणि म्हणाली होती, "धाकटा पाण्याला भितो, घोड्याशिवाय कोणाशी बोलत नाही. त्याला मोठ्याच्या नजरेसमोर ठेवा." मेयरने कुणाकुणाचे पाय धरले ठाऊक नाही, पण काम झालं. निघताना आईने अन्सेल्मला एवढंच बजावलं, "एकटा परत आलास तर दार उघडणार नाही." आणि ती बाई बोलायची तसंच वागायची.

तीन महिने कवायतीत गेले. रोज पहाटे गाड्या ताज्या लिदीवरून जात आणि ड्रायव्हर जोझोन आईबहिणीचा उद्धार करी. वेशीवर तेओ दिसला की टोपी उडवून ओरडायचा, "काय दादा, वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे घोड्यामागून वरात!"

"चल हो बाजूला, लीदवाल्या!" अन्सेल्म आतून ओरडायचा, आणि मनातून निर्धास्त व्हायचा.

मे महिन्यात ब्रिगेड म्यूझ नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात गेली. या जंगलातून शत्रूचे रणगाडे येऊच शकत नाहीत, असं मोठमोठ्या साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी झाडं मोडत रणगाडेच आले. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग! अन्सेल्म बघतच राहिला. समोरची गाडी पेटली, आतले ओळखीचे लोक ओरडले आणि मग ओरडणंही थांबलं, तरी त्याला ते खरं वाटेना.

रेडिओवर हुकूम आला: सगळ्यांनी नदीमागे या. पण रेडिओ गाड्यांत. घोड्यावर रेडिओ कुठला बसवणार? जंगलाच्या कडेला ठेवलेल्या घोडेस्वारांकडे एक मोटारसायकलवाला पाठवला. तो धुळीत दिसेनासा होताना अन्सेल्मने पाहिला आणि तो मनाशी म्हणाला, चला, निरोप गेला. मग त्याची गाडी सर्वांच्या मागे राहून, तोफ मागे वळवून, सबंध वाटभर लढत पुलापर्यंत आली.

पूल ओलांडल्यावर अलीकडच्या टोकाला सुरुंगवाल्यांचा प्रमुख फुर्नेल उभा होता. लठ्ठ, घामाने डबडबलेला, एक हात सुरुंग उडवायच्या दट्ट्यावर.

"तुमच्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही. शेवटी आम्हीच."

"घोडेस्वार? मला तर एकही घोडा दिसला नाही."

"अहो, घोडे कधी गाड्यांच्या मागे असतात का?" अन्सेल्म वैतागून म्हणाला. "घोडे आधी, गाड्या मागून. तुम्ही इथे यायच्या आधी केव्हाच पार गेले असतील."

"नक्की ना? शब्द तुमचा."

"नक्की!"

तीन महिन्यांची सवय बोलली. माणसाला विचार करायला वेळच मिळाला नाही.

फुर्नेलने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दट्ट्या दाबला. पूल उचलला गेला आणि दगडगोटे नदीभर कोसळले. गाडी गावाच्या चढाला लागली. जोझोन सुटकेचा श्वास टाकत म्हणाला, "आज रस्ता कसा स्वच्छ आहे, सार्जंट! चाकाला जरासुद्धा लीद नाही."

अन्सेल्म ताडकन त्याच्याकडे वळला.

"काय म्हणालास?"

त्याने गाडी थांबवायचीही वाट पाहिली नाही. उडी टाकली, गुडघा फुटला, तसाच धावत सुटला. नदीच्या दगडी काठावर येऊन पाहतो तो पलीकडे जंगलातून घोडे बाहेर पडत होते. फेसाळलेले, लंगडणारे, एकेका घोड्यावर दोन दोन माणसं. सगळे पुलाकडे आले आणि पूल नाही म्हणून एकमेकांवर आदळले. काही घोडी पाण्यात पडली. त्यांना अलीकडचा उभा काठ चढता येईना.

सगळ्यांच्या पुढे तेओ होता. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि भाऊ दिसताच त्याचा चेहरा उजळला. अरे देवा, उजळला!

"दादा! पूल कुठाय?"

अन्सेल्म काठाच्या अगदी कडेपर्यंत पुढे झाला.

"आम्ही यायचे राहिलो होतो ना रे, दादा! निरोप्या मेला वाटेत, आम्ही आपले आपणच आलो. कुणी सांगितलं यांना, सगळे आले म्हणून?"

फुर्नेलने अन्सेल्मकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पलीकडे घोडेस्वारांच्या मागे जंगलात झाडं मोडत होती.

"उडी टाक!" अन्सेल्म ओरडला. "लगाम सोड, शेपटी धर, मी खाली उतरतो!"

"मला नाही जमायचं, दादा." तेओने घोडी वळवली. त्याच्यामागे उरलेलेही वळले, कारण आता वळायला तेवढीच एक दिशा होती. मग काहीतरी आठवल्यासारखा तो खोगिरात मागे वळला. रागाने लालबुंद झाला होता.

"सोडू नकोस ते सांगणाऱ्या माणसाला! नाव विचारून ठेव त्याचं! ऐकतोयस ना?"

"विचारतो!" अन्सेल्म ओरडला.

तेओने समाधानाने मान हलवली आणि तो जंगलाकडे गेला.