टेकडीवरची टाकी आणि मी

मी एक पट्टी. लाकडाची, फूटभर लांब, कडेला पितळेची पात बसवलेली. पाणीपुरवठा कार्यालयात नकाशांच्या टेबलावर माझं सारं आयुष्य गेलं. सरळ असणं हा माझा धर्म, आणि त्यात मी कधी कसूर केली नाही. म्हणून सांगते, टेकडीवरच्या टाकीचं खापर माझ्या माथ्यावर फोडू नका.

टाकी किती मोठी हवी ते ठरायचं होतं. साहेबांनी वस्तीच्या लोकसंख्येचा आलेख काढला. दहा वर्षांपूर्वी माणसं दोन हजार, पाच वर्षांपूर्वी चार, आता आठ. रेघ आधी आळसावून पडलेली, मग ताडकन उठलेली. साहेबांनी मला पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत टेकवलं.

"दहा वर्षांत सहा हजार वाढले. म्हणजे वर्षाला सहाशे. आणखी दहा वर्षांनी चौदा हजार. तेवढ्यांपुरती बांधा."

शेजारच्या टेबलावरच्या ताई, त्याही इंजिनीअरच, उठून आल्या. "साहेब, सहाशे ही सरासरी झाली. आधीच्या पाच वर्षांत वर्षाला चारशे वाढले, नंतरच्या पाचात आठशे. दर पाच वर्षांनी दुप्पट होतायत. असंच चाललं तर दहा वर्षांनी बत्तीस हजार."

"बत्तीस हजार? ताई, वस्ती आहे की मुंग्यांचं वारूळ?"

सगळे हसले. साहेबांनी मला तसंच पुढे सरकवलं आणि कागद संपेपर्यंत पेन्सिल ओढली.

सहाशे खोटं नव्हतं. सरलेल्या दहा वर्षांचा तो चोख हिशेब होता. पण मागचं मोजणारीला पुढचं भविष्य सांगायला बसवायचं, ही कुठली रीत?

टाकी चौदा हजारांपुरतीच बांधली, आणि चार वर्षांतच वस्ती चौदा हजारांवर गेली. वरच्या गल्लीतले नळ कोरडे पडले. रिकाम्या बादल्या घेऊन बायका कार्यालयात आल्या. एक आजी म्हणाली, "सून बाळंत झालीय. दुपटी कशात धुऊ, तुमच्या कागदात?"

साहेबांनी मला उचलून दाखवलं. "आजी, रेघ पट्टीनंच मारलीय."

जीभ असती तर तिथंच साहेबांना झाडलं असतं.

आता दुसऱ्या टाकीचा कागद पसरलाय. साहेबांनी मला पुन्हा त्याच पहिल्या ठिपक्याशी लावलंय, आणि ताईंनी माझं दुसरं टोक घट्ट धरलंय.

"साहेब, आधी ही वाकडी रेघ वाकडीच पुढे न्या."

ताई, सोडू नका. ओढून घ्या मला त्यांच्या हातातून आणि आजच्या दिवस खणात टाका.