सायीच्या रंगाची फळी

मी एक जुनी फळी आहे. हातभर लांब, तेवढीच रुंद, आणि एका कोपऱ्यात सुतळी ओवायला भोक. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात असे मी ऐकले आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला माणसांचा राग आहे, आणि तो का आहे तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या पाठीतून झाला. कपाट भंगारात चालले होते. त्या घरी कामाला आलेल्या रंगाऱ्याने त्याची पाठ मागून घेतली, करवतीने माझा चौकोन कापला आणि कडा पॉलिशपेपरने घासल्या. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि मध्ये पूर्ण एक दिवस वाळायला. रंग ऑफ-व्हाइट, पण त्यात किंचित पिवळा आणि थेंबभर तपकिरी. दुधावरच्या सायीसारखा. नुसता पांढरा दिला की घराचा दवाखाना होतो, असे रंगारी म्हणायचा. या सायीच्या रंगावर त्याचा फार जीव होता.

भिंतीवर ठिपका मारून रंग ठरवणाऱ्यांची तो टर उडवत असे. जुन्या निळ्या भिंतीवर मारलेला सायीचा ठिपका शेजारच्या निळ्यामुळे पिवळाच दिसणार. म्हणून तो मला घेऊन जायचा, भिंतीला टेकवून उभी करायचा आणि बजावायचा, "आडवी ठेवून बघू नका. भिंत काय आडवी असते? सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. आणि ज्या खोलीला रंग द्यायचाय, त्याच खोलीत बघा."

लोक माना डोलवत. रंगाऱ्याची पाठ वळली की मला सोफ्यावर आडवी टाकत आणि मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघत. एका बाईंनी मला लाल पडद्याशेजारी धरले आणि मी गुलाबी आहे म्हणून नाक मुरडले. एका गृहस्थांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला. कौतुकही वाट्याला आले, नाही असे नाही. घर रंगवून झाले की लोक म्हणत, "काय उजळलंय हो घर!" मी तेव्हा दाराबाहेर पिशवीत असे.

हे सगळे मी सोसले. ज्याने माझे डोके फिरले, ती गोष्ट दोन बहिणींच्या घरची आहे.

थोरली शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. धाकटी घरी कपडे शिवायची. दोघी आईवडिलांच्या घरात राहत होत्या. थोरलीच्या खोलीची खिडकी उत्तरेला होती आणि धाकटीची पश्चिमेला. मधल्या हॉलला खिडकीच नव्हती, दिवसासुद्धा ट्यूब लावावी लागे. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, त्या दुपारी तिच्याजवळ कोण होते आणि कोण नव्हते यावरून दोघींची जुंपली होती. तेव्हापासून जेवण हॉलमध्ये एकत्र, पण एकीने दुसरीच्या खोलीत पाऊल टाकलेले नव्हते. अशा घरात रंगाऱ्याने मला नेले. त्याच्या भाबडेपणाचाही मला राग येतो.

थोरलीचे गुडघे थंडीत धरायचे. तिला खोली उबदार दिसायला हवी होती, म्हणून सायीचा रंग तिनेच सुचवला. सगळ्या घराला एकच रंग आणि दोघींची संमती हवी, एवढे ठरले. मग त्यांनी माझी वाटणी केली. सोमवार ते बुधवार मी थोरलीकडे, गुरुवार ते शनिवार धाकटीकडे. बुधवारी संध्याकाळी थोरली मला हॉलमधल्या टेबलाच्या पायाला टेकवून जायची, धाकटी येऊन उचलायची. दोन्ही उंबरे ओलांडणारी त्या घरात मी एकटीच होते.

उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधी येत नाही. त्या सावळ्या उजेडात माझा पिवळेपणा विरून गेला. थोरली म्हणाली, "ही राखाडी आहे." पश्चिमेच्या खोलीत दुपारी उन्हाचा लोट यायचा. धाकटी म्हणाली, "राखाडी? लोण्यासारखी पिवळी आहे! ताई, तुला मुद्दाम उलटं बोलायचं असतं." हॉलमध्ये ट्यूबखाली मी नुसती पांढरी दिसायचे, त्यामुळे तिथे दोघींनाही दुसरीच खोटारडी वाटायची.

रंगाऱ्याने हात जोडले. "अहो ताई, खिडक्या वेगळ्या आहेत. दोघी मिळून एकदा एका खोलीत बघा, मग दुसरीत बघा."

"तिच्या खोलीत मी जायची नाही," थोरली म्हणाली.

"तुला बोलावलंय कुणी?" धाकटी म्हणाली.

शेवटी भांडणाला कंटाळून दोघी हो म्हणाल्या. रंगाऱ्याने सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतले, म्हणजे खोल्याखोल्यांत फरक पडायला नको, आणि त्या एकाच बादलीतून घर रंगवले. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता थोरली आपल्या खोलीतून बाहेर आली. धाकटीचे दार उघडे होते. आत उन्हात भिंती सोन्यासारख्या झळकत होत्या. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिला उबदार रंग आणि मला ही राख! दोघांनी मिळून ठरवलंत ना?"

रंगाऱ्याने मला थोरलीच्या भिंतीला लावून दाखवले. मी आणि भिंत यांत काडीचा फरक नव्हता.

"मग फळीही बदलली असणार तुम्ही," थोरली म्हणाली. "लबाड कुठले!"

मित्रांनो, मला खोटी ठरवले गेले. धाकटी बाहेर हॉलमध्येच उभी होती. "ये, माझ्या खोलीत येऊन बघ," एवढेच तिला म्हणायचे होते. ती म्हणाली, "तुला आयुष्यभर माझंच सगळं चांगलं दिसलं."

रंगाऱ्याने हात पुसले, ब्रश गुंडाळले आणि मला तिथेच भिंतीला टेकवून तो निघून गेला. एवढ्या वर्षांत तो मला कुठेही विसरला नव्हता, आणि त्या दिवशीही विसरला नव्हता. आठव्या दिवशी थोरली सामान बांधून गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. जाताना तिने मला दाराबाहेर हॉलमध्ये टाकले. धाकटीने मला पायाने आपल्या खोलीत सरकवले आणि शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायांखाली घातले, रंगाची बाजू खाली करून. दोन वर्षे मी फरशीकडे तोंड करून पडले होते.

मग एका उन्हाळ्यात पश्चिमेची खोली इतकी तापली की धाकटीला तिथे बसवेना. तिने मशीन ओढत थोरलीच्या खोलीकडे नेले, वर मला ठेवून. थोरली गेल्यापासून बंद असलेले दार उघडताच ती थबकली. भिंती राखाडी होत्या.

"म्हणजे खरंच दुसरा रंग दिला होता की काय?" ती स्वतःशीच पुटपुटली. तिने माझी धूळ झटकली आणि मला भिंतीला लावले. मी तिथे भिंतीइतकीच राखाडी होते. मग तिने मला आपल्या खोलीत नेले. तिथे मी त्या भिंतीइतकीच पिवळी होते. ती परत तिकडे गेली, परत इकडे आली. चौथ्या खेपेला ती थोरलीच्या मोकळ्या फरशीवर बसली आणि तिने फोन लावला.

"ताई, तुझ्या खोलीत राखाडीच दिसतो गं."

"मग मी काय सांगत होते?"

"पण रंग एकच आहे. फळी दोन्हीकडे लावून बघितली मी."



"त्या माणसाला मी लबाड म्हटलं," थोरली म्हणाली.

"मी ऐकत उभी राहिले. तुला नुसतं ये म्हणाले असते तर..."

"म्हणाली नाहीस."

"म्हणाले नाही."

थोरलीने फोन ठेवला. ती परत आली नाही. धाकटीने रंगाऱ्याला शोधले. रंगाच्या दुकानात कळले की त्याने काम सोडले आणि तो लेकीकडे राहायला गेला. कुठल्या गावी, ते दुकानदाराला माहीत नव्हते.

आता मी थोरलीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. धाकटी रोज मला फडक्याने पुसते. त्याने मला काडीचेही बरे वाटत नाही. दोन्ही खोल्यांच्या दारांत बारा पावले आहेत. मला इतक्या वेळा उचलून नेले की ती मला पाठ आहेत. दोन माणसांना अकरा वर्षांत ती एकदाही चालता आली नाहीत, आणि खोटे ठरले कोण, तर रंगारी आणि मी.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, मला स्वच्छ ठेवा, असली विनवणी मी करणार नाही. तुमच्या घरात कुणी म्हणाले की मला हे वेगळे दिसते, तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी उठा आणि त्याच्या खोलीत जाऊन उभे राहा. मला बरोबर नेले नाहीत तरी चालेल.