लायसन्स गेलं ते तोंडामुळं

"साहेबांनी विचारलं, तर 'चूक झाली' एवढंच म्हणायचं. बाकीचं मी बोलते," कोर्टाच्या व्हरांड्यात वकील विजयमालाताईंनी मुजफ्फरला पुन्हा बजावलं.

"व्हय मॅडम. पन गिऱ्हाइकाचं शिर्डीचं इमान चुकलं असतं, तर मलाच..."

"मुजफ्फरभाई!"

शेजारी उभ्या असलेल्या जरीनानं नवऱ्याच्या बाहीला हिसका दिला, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

मुजफ्फर नगरहून माणसं शिर्डीच्या विमानतळावर पोचवायचा. कोल्हारजवळ, शाळेसमोर वेगाची मर्यादा चाळीस. तिथं त्याची गाडी नव्वदनं जाताना पोलिसांच्या यंत्रात सापडली. आधीही दोनदा सापडला होता, तेव्हा दंडावर भागलं होतं.

विजयमालाताईंनी बाजू चांगली मांडली. गुन्हा कबूल आहे, कुणाला इजा झालेली नाही, घर याच्याच गाडीवर चालतं; दंड वाढवा, पण लायसन्स राहू द्या.

"ज्याचं पोट गाडीवर, त्यानं तर जास्त जपायला हवं," न्यायाधीश म्हणाले. "आधी दोनदा दंड होऊनही फरक पडलेला नाही." तरी त्यांचा हात कागदावर थबकला. "तुम्हाला काही सांगायचंय?"

विजयमालाताईंनी मुजफ्फरकडं पाहून नाही अशी मान हलवली. मुजफ्फरनं ती पाहिलीसुद्धा नाही.

"साहेब, तिथली पोरं माझी गाडी वळखत्यात. लांबूनच दिसली की थांबत्यात बिचारी."

विजयमालाताईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे थांबायचं पोरांनी?" न्यायाधीशांनी विचारलं, आणि दंडाबरोबर सहा महिने गाडी चालवायला बंदी लिहिली.

बाहेर आल्यावर विजयमालाताईंचा आवाज चढला. "अहो, साहेब सोडायच्या बेतात होते! एक वाक्य गिळता आलं नाही तुम्हाला?"

"मी खरं तेच बोललो की."

"आपली पोरगी फलक साळंत चालत जाती," जरीना म्हणाली. "तिनं कुनाकुनाची गाडी वळखून थांबायचं?"

जरीनानं चावीसाठी हात पुढं केला. गाडी मुजफ्फरनंच तिला शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. त्यानं मुकाट्यानं चावी दिली.

परतीच्या वाटेवर मागून ट्रक हॉर्न वाजवत होते आणि जरीना पन्नासच्या वर जात नव्हती. शेजारी बसलेल्या मुजफ्फरचा पाय सारखा रिकाम्या जागी दाबला जात होता.

"अगं, जरा वढ की! पुढचा रस्ता मोकळा हाय."

जरीनानं गाडी कडेला घेऊन थांबवली.

"उतरा. मागं बसा."

तो मागं जाऊन बसला.