नळीतला बाप

मासा बोटभरही नव्हता. काळाभोर, आणि दोन्ही अंगांना नाकापासून शेपटीपर्यंत विजेसारखी निळी रेघ. सासरे त्याला 'डॉक्टर' म्हणत. टाकीतले थोराड मासे त्याच्यासमोर आ वासून उभे राहत आणि हा पठ्ठ्या खुशाल त्यांच्या जबड्यात शिरून बारीक किडे टिपून बाहेर येई. सुनेने ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कडेवरच्या लेकीचा घास तिच्या हातातच राहिला होता.

सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले आणि खाऱ्या पाण्याची ती टाकी सुनेच्या गळ्यात पडली. निघताना त्यांनी बजावलं, "मीठ मोजून घाल. झाकण उघडं टाकू नकोस, डॉक्टर उडी मारतो."

"माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी केली असती," सासूबाई म्हणाल्या, "तर मीही मारली असती."

पण डॉक्टर उडी मारायचं सोडाच, जेवायलाही येईना. तळाशी प्लास्टिकच्या नळीचा तुकडा होता, त्यात जो शिरला तो शिरलाच. जेवत नाही म्हणजे आजारी, हे कुठल्याही लेकुरवाळीचं गणित. दवाखान्यातल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, म्हणून सुनेने कोणाला न विचारता जाळी घातली आणि त्याला औषधाच्या छोट्या टाकीत हलवलं.

मग नळी घासायला म्हणून तिने ती पाण्यातच तिरकी केली, आणि हात जागच्या जागी थांबला. नळीच्या छताला काचेच्या मण्यांसारखी अंडी दाटीने चिकटलेली, आणि प्रत्येक मण्यात दोन डोळे. चंदेरी, जिवंत डोळे. अजून जन्मही न झालेले कितीतरी जीव तिच्याकडे बघत होते.

तिने फोन लावला.

"अगं वेडे, तो आजारी नव्हता, बाळंतपण काढत होता!" सासरे ओरडले. "त्याची मादी आहे ना टाकीत, ती अंडी घालून मोकळी होते. राखणारा, वारा घालणारा बाप. पाणी हललं नाही तर अंडी गुदमरतात."

"परत सोडू त्याला?"

"सोडावंच लागेल. पण बिथरलेला मासा आपलीच अंडी खातो. नेम नाही त्याचा." मग ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं वाट पाहिली गं. पहिल्यांदाच घातलीत."

रागावले असते तर बरं झालं असतं.

तिने नळी होती तशी ठेवली. औषधाचं पाणी गार पडलं होतं, त्यामुळे माशाला एकदम सोडून चालणार नव्हतं. त्याच्या टाकीत मोठ्या टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब पडत राहिलं, आणि तोवर सून ड्रॉपर दाबून दाबून अंड्यांवर पाण्याची झुळूक सोडत बसली. लेक सासूबाईंच्या खांद्यावर भोकाड पसरून.

"तिकडे वारा घाल, इकडे पोरगी रडून लाल झालीये," सासूबाई करवादल्या. पण हलल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरला सोडलं. तो काचेला पोटाने चिकटून राहिला, रंग विटलेला. मग एकाएकी सुळकन नळीत. तो उलटा झाला, छताला तोंड लावलं आणि एक अंडं गिळलं.

"खातोय! आई, खातोय तो!" तिचा आवाज फुटला. "माझ्यामुळे!"

सासूबाईंनी चष्मा काचेला टेकवला. "रडतेस काय, नीट बघ. पांढरं पडलेलं होतं ते. डोळेवाल्यांना तोंडही लावत नाहीये."

खरंच. नासलेलं तेवढं उचलून तो पुढे सरकत होता. सुपातलं धान्य निवडावं तसा, एकेका दाण्यापाशी थांबून. निवडून झालं आणि तो छताखाली आडवा झाला. इवलेसे पर हलू लागले. त्या वाऱ्याने सगळे मणी एकदम डोलले, सगळे डोळे एकदम लकाकले. ना त्याला कोणी शिकवलं होतं, ना कोणी बघत असल्याची त्याला फिकीर. दोघी बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. लेकसुद्धा रडायची थांबली.

बऱ्याच वेळाने सासूबाई कुजबुजल्या, "अगं, पण हा जेवलाय का?"

सुनेने ड्रॉपरने नळीच्या तोंडाशी खाऊ सोडला. डॉक्टर अर्धाच बाहेर आला, घाईघाईने घास घेतला आणि पुन्हा आत वळला.